कुंपणाजवळची हेटी

ओरिन वेकमनने चित्राच्या उजव्या कोपऱ्यातला लाल ठिपका अंगठ्याने चाचपला, आणि टाचा घासायला वापरतात तसला हलका दगड पाण्यात बुडवून त्यावर फिरवायला घेतला. ठिपका मसुरीच्या डाळीएवढा, पण चांगला जाड होता. नुसता वरून रंग दिला असता तर आतला उंचवटा दिसत राहिला असता. म्हणून आधी घासून सपाट करायचं आणि मग वर हवं ते काढायचं, ही धंद्यातली साधी रीत. पाच-सहा फेऱ्यांत लाल शाल गेली, शालीखालचा पांढरा एप्रन गेला, आणि मळक्या गुलाबी पाण्याचा एक ओघळ खाली आला. तो त्याने बाहीने पुसला.

"गेली एकदाची ब्याद," तो म्हणाला. स्टुडिओत ऐकायला कोणी नव्हतं.

चित्र त्याचंच होतं, बत्तीस वर्षांपूर्वीचं. गेल्या शनिवारी मिसेस एल्टिंग ते गोधडीत गुंडाळून घोडागाडीतून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी टांगलेलं असायचं, धुराने काळंठिक्कर पडलं होतं. "नुसतं पुसून दे हायगय न करता," त्या म्हणाल्या, "बाकी काही नको. पुढच्या शनिवारी येते." त्यांना नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. अठराशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात, चोविशीचा असताना, तो तीन महिने एल्टिंगांच्या शेतावर राहिला होता, त्यांच्या टेबलावर जेवला होता, आणि त्या खाल्ल्या अन्नाला जागून हे चित्र त्यांना देऊन आला होता.

सोमवारी तो खरोखरच नुसता पुसायला बसला. जुनं व्हार्निश उतरत गेलं तसतसं आतलं चित्र उजळत गेलं, आणि ओरिनचा चेहरा पडत गेला. एल्मच्या झाडाचं पान न् पान काढलेलं. कुंपणाच्या फळ्यांचे खिळेसुद्धा. ओढ्यातला दगड असा की उचलून खिशात टाकावा. त्या काळात लोकांना हेच हवं होतं. न्यूयॉर्कला त्याचं मोठं चित्र लागलं तेव्हा समोर मखमली पडदा होता, आणि बायका नाटकाच्या दुर्बिणी लावून दरीतली हरणं शोधत होत्या. सापडलं की टाळ्या वाजवायच्या. मग उत्तर-दक्षिण राज्यांची लढाई झाली, फ्रान्सहून नवी चित्रं आली, आणि त्याच लोकांनी त्याला 'पानं मोजणारा कारकून' म्हणायला सुरुवात केली. पुढची दहा-बारा वर्षं त्याला कुत्र्यानेही विचारलं नाही. मुलींच्या शाळेत सफरचंदं आणि द्राक्षं काढायला शिकवून त्याने दिवस ढकलले.

मग एका नोव्हेंबरात, सर्दीने डोकं फुटत असताना, त्याने नदीवरचं धुकं तासाभरात चितारून टाकलं. कंटाळून. पानं काढायचं त्राणच नव्हतं. त्या चित्रापुढे लोक गप्प उभे राहिले. तेव्हापासून तो धुक्याचा झाला. झाडं म्हणजे नुसत्या सावल्या, घर म्हणजे एक मऊ काळोख, आणि सगळ्यावर संध्याकाळचा तो मावळता पिवळा उजेड. आता छप्पन्नाव्या वर्षी वर्तमानपत्रं त्याला द्रष्टा म्हणत होती. त्यालाही ते हळूहळू पटू लागलं होतं.

तर असा हा द्रष्टा आपल्या तरुणपणापुढे मंगळवारी सकाळी उभा होता आणि त्याचे हात शिवशिवत होते. सगळ्यात जास्त त्याला चीड आली ती त्या लाल ठिपक्याची. त्या काळी प्रत्येक चितारी असला एखादा ठिपका चित्रात ठेवायचाच. डोंगर केवढा ते कळावं म्हणून आणि एवढ्या हिरव्यात डोळ्याला थारा मिळावा म्हणून. कधी लाल शालीतली मुलगी, कधी लाल बंडीतला कोळी. ओरिनने असे साठ-सत्तर तरी ठेवले असतील. या ठिपक्याभोवतीचं व्हार्निश तर कुणीतरी पार घासून काढलं होतं. पैशाएवढी जागा, बोटाच्या तेलाने मळलेली. कुण्या मोलकरणीचं फडकं, असं मनाशी म्हणून त्याने दगड उचलला होता.

तेवढं एक काढायचं, एवढाच बेत होता. पण ठिपका गेल्यावर कुंपण उघडं दिसायला लागलं, म्हणून कुंपणावर थोडं धुकं घातलं. धुकं तिथेच थांबेना. बुधवारी दुपारपर्यंत ते ओढ्यावरून चढत एल्मच्या शेंड्यापर्यंत गेलं, घराची एकच खिडकी उरली, आणि खालची जुनी पानं, जुने खिळे नव्या रंगातून असे हलकेच जाणवत राहिले की ओरिन स्वतःच दोन पावलं मागे सरकला. असं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. नुसतं धुकं काढणं निराळं, आणि धुक्याआड खरोखर काहीतरी असणं निराळं.

गुरुवारी सकाळच्या बोटीने न्यूयॉर्कहून मिस्टर पेल आले. ओरिनची चित्रं तेच विकायचे. चित्रासमोर हॅट काढायचीही शुद्ध त्यांना राहिली नाही.

"वेकमनसाहेब," ते म्हणाले, "हे कधी केलंत?"

"दोन दिवसांत. माझं नाहीये ते. म्हणजे, एका बाईंचं आहे."

"बाईंना दुसरं द्या. दोन द्या. हे वसंतातल्या प्रदर्शनाला जाणार. मधल्या भिंतीवर, एकटं." पेलांनी हॅट काढली आणि तीच हातात फिरवत राहिले. "लोक म्हणतात तुमची आधीची चित्रं वेगळी, आत्ताची वेगळी. या चित्रात दोन्ही आहेत. माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीये, आणि तुम्हाला ठाऊक आहे, बोलणं हाच माझा धंदा."

"बाई शनिवारी येणार आहेत."

"मग शनिवारी त्यांना सांगा. शेतावरच्या बाई ना? नवीन, चकचकीत काहीतरी द्या, खूश होतील. मी सोमवारी न्यायला येतो."

पेल गेले तेव्हा ओरिन शीळ घालत होता. बहिणीला जिन्यात ती ऐकू आली. लव्हिना त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नवरा लढाईत गेल्यापासून त्याचं घर सांभाळणारी. स्टुडिओत ती फक्त गुरुवारी यायची, झाडायला. ती केरसुणी घेऊन आत आली, चित्रासमोर थांबली, आणि केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

"पोर कुठंय?"

"कुठली पोर?"

"हेटी. इथं कुंपणापाशी उभी होती ती."

"अगं, ती कुणी हेटीबिटी नव्हती," ओरिन हसत म्हणाला. "तसली एक बाहुली मी प्रत्येक चित्रात उभी करायचो. तूच नाही का चिडवायचीस, तुझ्या चित्रात सगळ्यांना एकच शाल पुरते म्हणून?"

"ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तिच्या आईला कधी सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. चित्र पुरं झालं त्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात जमले होते. घरधनी जेकब एल्टिंगने आपल्या गाई मोजून पाहिल्या. मिसेस एल्टिंगनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि "अगंबाई, ही तर आमची हेटी!" म्हणून केवढ्याने हसल्या. सात वर्षांची हेटी त्यांच्या परकराला धरून उभी होती. ओरिनने मान थोडी खाली घातली होती, कुणी कौतुक केलं की घालतात तशी. तेवढंच. पुढच्याच फेब्रुवारीत घटसर्पाने ती गेली. तेव्हा तो शहरात होता, आणि सांत्वनाचं पत्र त्याच्या वतीने लव्हिनानेच लिहिलं होतं.

"त्यांच्याकडे त्या पोरीचा एक फोटो नाहीये, ओरिन," लव्हिना म्हणाली. "थंडी सरली की किंग्स्टन शहरात नेऊन काढायचा होता. आमचं शिवणमंडळ त्यांच्याकडे भरतं तेव्हा मी बघते ना. दारातून जाताना दर वेळी त्या आईचं बोट तिथं जातं. हातात किटली असली तर किटली खाली ठेवते, हात लावते, आणि परत किटली उचलते. बत्तीस वर्षं."

घासून गेलेली ती पैशाएवढी जागा ओरिनच्या डोळ्यांपुढे आली.

"पेल म्हणाला, हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे."

"आहेच. मी कुठं नाही म्हणते?" लव्हिनाने पदरासारखं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "आत आले आणि गलबलून आलं मला. पण तुझं नाहीये ते."

"मी त्यांना दुसरं देईन. मोठं."

"दे की. पोरगीही दुसरी दे."

ती न झाडताच खाली गेली. ओरिनने कपाटाच्या तळातून जुन्या चित्रवह्या काढल्या. सत्तावन्नची वही सापडली. कडा कुरतडलेल्या, पण आतलं सगळं शाबूत. एल्मची साल, तीन पानं. ओढ्यातले दगड, प्रत्येकाच्या बाजूला ओलाव्याची खूण आणि रंगाची नोंद. गाईची मान. दूध काढायची बादली, चार बाजूंनी. फळीतली गाठ. तो पान उलटत गेला, पुन्हा पहिल्यापासून उलटत गेला. तीन महिन्यांत त्याने एल्टिंगांची बादली चार वेळा काढली होती आणि त्यांची मुलगी एकदाही नाही.

दुपारी चार वाजता त्याने कापसाचे बोळे केले, टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि चित्रासमोर उभा राहिला. जुना रंग बत्तीस वर्षांत दगडासारखा झाला होता, त्याला काही होणार नव्हतं. नवा अजून चिकट होता. आज निघाला असता, सोमवारी निघाला नसता. पहिला बोळा त्याने आकाशाला लावला आणि लगेच काढून घेतला. मग लावला आणि काढला नाही. रडायचं नाही असं ठरवून तो पुसत होता, ते काही जमलं नाही. धुकं बोळ्यांवर येत गेलं, मळकट पिवळं, आणि खालून ते एल्म, ती पानं, ते खिळे निर्लज्जासारखे जसेच्या तसे वर आले. कोपऱ्यात मात्र काहीच आलं नाही. तिथे कापडावरचा पांढरा अस्तराचा लेप तेवढा उघडा पडला होता.

शुक्रवारी तो उजाडताच बसला. सगळ्यात बारीक कुंचला घेतला, डोळ्याला भिंग लावलं. बाहुली काढणं त्याला अजूनही पाठ होतं: पाठमोरी, लाल शाल, एक हात कुंपणावर, नजर लांब डोंगराकडे. ती एका दमात झाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि चिंधीने पुसून टाकली.

मग तो बसून आठवत राहिला. चेहरा आठवेना. केस कुठल्या रंगाचे तेही आठवेना. आठवला तो आवाज. सकाळी तो कुंपणापलीकडे बसून काम करायचा तेव्हा मागून जोरजोरात श्वास घेतल्याचा आवाज यायचा. पोरीचं नाक कायम चोंदलेलं. ती तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची, पावावर सफरचंदाचा मुरंबा लावून त्याच्यासाठी आणायची, आणि पाव हातात धरून तशीच उभी राहायची. डोकं एका बाजूला कललेलं, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. तीन महिन्यांत तो तिच्याशी एकच वाक्य बोलला होता, आणि ते रोज बोलला होता: "उजेडातून बाजूला हो."

त्याने तिला तोंड इकडे करून उभं केलं. डोकं कललेलं. मोजा एक वर, एक खाली. एवढ्याशा जागेत तोंड उघडं आहे हे दाखवायला केसाएवढ्या टोकाचा एक स्पर्श, बस. त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. दुपार टळून गेली तरी तो उठला नाही. शेवटी शाल आली तेव्हा त्याला मिसेस एल्टिंगांचं बोट आठवलं. रंग चपटा लागला तर बोटाला कळेल. म्हणून त्याने शालीवर लाल रंग जाड दिला, पूर्वीइतका, मसुरीच्या डाळीइतका. लवकर वाळावा म्हणून रंगात सुकवायचं औषध घातलं आणि चित्र शेगडीपाशी ठेवलं. एवढा जाड थर एका दिवसात वाळत नसतो हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. उद्या बाईंना सांगायचं, व्हार्निश ओलं आहे, पंधरा दिवस हात लावू नका. हे वाक्य त्याने मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

भिंगातून तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, आपण उभ्या आयुष्यात माणूस म्हणून हे एकच काढलं. चांगलं झालं होतं.

शनिवारी मिसेस एल्टिंग ठरल्या वेळी आल्या. काळी टोपी, काळे हातमोजे, सत्तरीला टेकलेल्या. जिना चढून धाप लागली होती. लव्हिना मागोमाग आली आणि दाराशीच थांबली.

"पुसलंस का नीट?"

"पुसलं. पण मिसेस एल्टिंग, ते व्हार्निश अजून..."

"बाई गं!" त्या चित्रापुढे थबकल्या. "किती लख्ख झालंय! ती बघ, जेकबची पांढरी गाय. मी विसरूनच गेले होते तिला." त्या बोलता बोलता उजव्या हाताचा मोजा काढत होत्या, बोटाबोटाने, आणि ओरिन ते बघत होता. "लव्हिना, बघितलंस का, खिडकीत माझी कुंडीसुद्धा आहे."

"ते व्हार्निश..." ओरिन म्हणाला.

तोवर बोट गेलं होतं. बघावं लागलं नाही त्यांना, त्यांची नजर अजून कुंडीवरच होती. जिथे जायचं तिथेच ते गेलं, आणि सवयीने थोडं दाबलं गेलं.

त्यांनी बोट मागे घेतलं. मग खिडकीकडे वळून उजेडात धरलं. बोटाच्या टोकावर लाल रंग होता. चित्रात कुंपणापाशी शाल फरपटली होती, आणि कललेलं डोकं, उघडं तोंड सगळं त्या लालात मिसळून गेलं होतं.

खाली गाडीचा घोडा पाय आपटत होता.

"कधी काढलीस?" मिसेस एल्टिंगनी विचारलं.

"काल."

"आणि आधीची?"

"घासून टाकली. मला माहीत नव्हतं. मी... चित्र सुधारायला गेलो." तो म्हणाला. "मला माफ करा."

त्यांनी मान हलवली, म्हणजे माफ केलं असं नव्हे, ऐकलं असं. मग त्याच्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "ती तरी तिला बघून काढली होतीस ना, ओरिन? त्या उन्हाळ्यात?"

लव्हिनाने दाराच्या चौकटीला हात टेकला. ओरिनला वाटलं, मान थोडी खाली घालावी. पूर्वी तेवढ्याने भागलं होतं.

"ती माझ्या मागे उभी राहायची," तो म्हणाला. "पाव घेऊन. नाक चोंदलेलं असायचं तिचं. श्वास ऐकू यायचा. मी तिला म्हणायचो, बाजूला हो."

मिसेस एल्टिंगांचा चेहरा एकदम उघडा पडला. बत्तीस वर्षांत त्या नाकाबद्दल कुणी त्यांच्याशी बोललं नसावं.

"सुगी संपेपर्यंत नाक वाहायचं," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री मी उशी उंच करून द्यायची." मग आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, हे त्यांना कळलं. ते कळताना ओरिनने पाहिलं. त्या चित्राकडे वळल्या आणि त्या लाल फरपटीकडे बघत राहिल्या.

"मी नीट करून देतो," तो घाईने म्हणाला. "आता मला येते काढता. काल आली होती. दोन दिवस द्या, मी परत..."

"नको."

"तुम्ही पाहिलीच नाहीत. अगदी तशीच आली होती."

"आली असेल," मिसेस एल्टिंग म्हणाल्या. "आता तू हात लावू नकोस."

त्यांनी लव्हिनाला गोधडी धरायला सांगितली. ओला कोपरा कापडाला लागू नये म्हणून दोघींनी मिळून चित्र उताणंच नेलं, जिन्यात वळताना जपून, एकमेकींना "सावकाश, सावकाश" म्हणत. ओरिनने पुढे होऊन मदत केली नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

खिडकीतून त्याला गाडी दिसत होती. मिसेस एल्टिंग चढून बसल्या, चित्र मांडीवर आडवं घेतलं. बोट पुसायला लव्हिनाने रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खिशातून काळा हातमोजा काढला आणि लाल बोटावरून तसाच ओढून चढवला.